पबमेडवर एकतर शून्य, नाहीतर हजारोंचा ढीग: नर्सिंगच्या शोधातले नेहमीचे बिघाड

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, जमा करायची तारीख जवळ आली की एमएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींची एक तक्रार हमखास येते: 'माझ्या विषयावर पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये, काहीच नाही.' शेजारच्या बाकावरची तक्रार नेमकी उलटी असते, तिथे इतकं सापडतं की वाचायचं काय तेच कळत नाही. दोन्हीकडे दुखणं बहुधा एकच असतं. आपण टाकलेले शब्द डेटाबेसने कसे वाचले, हे कोणी बघितलेलंच नसतं. शून्य आलं की शब्द बदलायचे, ढीग आला की फिल्टर लावायचे, आणि तासाभराने कशामुळे काय झालं याचा पत्ता नसतो.

म्हणून एक सवय आधी लावून घ्या. शोध चालवल्यावर शोधपेटीखालच्या 'ॲडव्हान्स्ड'वर जा. खाली 'हिस्ट्री ॲण्ड सर्च डीटेल्स' असा तक्ता दिसतो. त्यात आपल्या शोधाच्या ओळीतला 'डीटेल्स'खालचा बाण दाबा. तुम्ही दोन शब्द टाकले असतील, पण पबमेडने त्याची चार ओळींची सूचना करून ती चालवलेली असते. तीच इथे दिसते. शब्दांना हात लावायचा तो ही सूचना वाचल्यावरच.

खाली दिलेले शोधशब्द, चिन्हं आणि टॅग (शब्द नोंदीच्या कोणत्या भागात शोधायचा ते सांगणाऱ्या खुणा) पडद्यावर अर्थातच रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगने टाईप करायचे. मराठीत शोधून पबमेडमध्ये काही हाती लागत नाही.

लक्षण: शून्य निकाल, किंवा दोन-तीनच

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे सिनॉप्सिसचं अख्खं शीर्षक पेटीत चिकटवणं. 'अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम ऑन नॉलेज रिगार्डिंग प्रिव्हेन्शन ऑफ प्रेशर अल्सर अमंग स्टाफ नर्सेस इन सिलेक्टेड हॉस्पिटल्स ऑफ पुणे सिटी.' आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांची शीर्षकं याच साच्यातली असतात. पबमेड यातले 'द', 'ऑफ', 'इन' असले शब्द वगळतं आणि उरलेल्या सगळ्या शब्दांमध्ये 'ॲन्ड' घालतं. म्हणजे 'सिलेक्टेड', 'असेस', 'रिगार्डिंग' आणि 'सिटी' हे सगळे शब्द एकाच नोंदीत असायला हवेत, अशी अट तुम्ही नकळत घातलेली असते. कधी कधी वर एक सूचनाही येते, की शून्य निकाल आल्यामुळे शोध आपोआप-जुळणीशिवाय (आपल्या शब्दांना पबमेड स्वतःहून ठरलेली विषयशीर्षकं जोडतं, त्याशिवाय) चालवला. ती दिसली तर शब्द फार झाले आहेत असं समजा.

या शीर्षकात शोधायच्या कल्पना तीनच आहेत: प्रेशर अल्सर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम), नर्सेस, शिकवणं. 'इफेक्टिव्हनेस' आणि 'नॉलेज' पहिल्या फेरीत घालूच नका. चांगल्या पेपरमध्येही ते शब्द सारांशात असतील असं नाही. 'सिलेक्टेड हॉस्पिटल्स'ची गरज परीक्षकांना असते, डेटाबेसला नाही.

'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम' हा तर खास आपल्याकडचा शब्दप्रयोग. बाहेरचे लोक त्याच गोष्टीला एज्युकेशनल इंटरव्हेन्शन, ट्रेनिंग, इन-सर्व्हिस एज्युकेशन म्हणतात. आपला शब्द अवतरणात टाकला की जवळपास फक्त भारतातले पेपर येतात, आणि मग 'यावर परदेशात काम झालेलं नाही' असं वाक्य रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये जाऊन बसतं.

दुसरं कारण ऑपरेटरचं, म्हणजे शोधशब्द जोडणाऱ्या शब्दांचं. ॲन्ड, ऑर, नॉट हे तिन्ही कॅपिटल अक्षरांत लिहायचे. शिवाय पबमेड ते डावीकडून उजवीकडे, आले तसे सोडवतं. त्यामुळे 'ऑर'ने जोडलेले समानार्थी शब्द नेहमी कंसात ठेवा, नाहीतर शेवटचा ॲन्ड भलत्याच शब्दाला जाऊन चिकटतो.

तिसरं कारण हास्यास्पद वाटेल, पण याच्यावर वेळ फार जातो: जुना फिल्टर. काल 'फ्री फुल टेक्स्ट' आणि 'गेलं 1 वर्ष' असं लावलं होतं, आज नवा विषय शोधला, तरी ते तसेच चालू. पबमेडमध्ये फिल्टर आपण काढेपर्यंत लागलेले राहतात. निकालांच्या वर 'फिल्टर्स अप्लाइड' अशी पट्टी दिसते का बघा आणि 'क्लिअर ऑल' करा.

लक्षण: अवतरणचिन्हं लावूनही ढीग येतो

अवतरणात टाकलं की शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जाईल, अशी समजूत आहे. पबमेडची शब्दसमूहांची स्वतःची एक ठरलेली सूची आहे. तुमचा समूह त्या सूचीत नसेल तर पबमेड अवतरणचिन्हं सोडून देतं आणि शब्द सुटे शोधतं. तशी सूचना निकालांच्या वर येते, पण ती वाचतंय कोण! मग पाच नोंदींच्या जागी पाच हजार दिसतात आणि आपण फिल्टरकडे धावतो.

यावरचा उपाय म्हणजे 2022 पासून मिळालेली जवळीक-शोधाची सोय. शब्दसमूह अवतरणात, त्याला चिकटून चौकटी कंसात टॅग, मग कोलन, टिल्डे चिन्ह आणि मध्ये जास्तीत जास्त किती शब्द चालतील तो आकडा:

"प्रेशर इंज्युरी प्रिव्हेन्शन"[टीआयएबी:~3]

टीआयएबी म्हणजे शीर्षक आणि सारांश. हे तीन शब्द कोणत्याही क्रमाने, मध्ये तीनपर्यंत इतर शब्द आले तरी पकडले जातात. आकडा 0 ठेवला की शब्द लागूनच हवेत. मात्र या पद्धतीत तारांकन (शब्दाची पुढची सगळी रूपं आणणारं * चिन्ह) वापरता येत नाही, म्हणून इंज्युरी आणि इंज्युरीज यांच्या ओळी वेगळ्या लिहा.

लक्षण: महत्त्वाचे पेपर निसटतात

इथे खरी मेख आहे, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

पबमेडच्या मेडलाइन विभागातल्या नोंदींना 'मेश' नावाची विषयशीर्षकं जोडलेली असतात. लेखकाने बेडसोअर लिहिलं काय किंवा डेक्युबिटस अल्सर लिहिलं काय, नोंदीला शीर्षक लागतं 'प्रेशर अल्सर'. पेटीत नुसतं 'बेडसोअर' टाकलंत तर पबमेड स्वतःहून मेशमध्ये जाऊन ते 'प्रेशर अल्सर'शी जोडतं. डीटेल्स उघडलेत तर हे भाषांतर स्पष्ट दिसेल. ही आपोआप-जुळणी चांगली आहे, पण तीन गोष्टींनी ती बंद पडते: अवतरणचिन्ह, तारांकन आणि क्षेत्राचा टॅग. म्हणजे 'बेडसोअर*' असं लिहिलंत की बेडसोअर आणि बेडसोअर्स मिळतील, पण मेशशी असलेला धागा तुटेल. हुशारी करायला जावं आणि हातचं जावं, असा प्रकार.

उलट बाजूही आहे. फक्त मेशवर विसंबलं तर मेश न लागलेले पेपर दिसत नाहीत: अगदी ताजे, आणि पबमेडमध्ये असूनही मेडलाइनमध्ये नसलेले. म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी दोन्ही लिहायचं, मेश शीर्षक आणि त्याच्याबरोबर शीर्षक-सारांशात शोधायचे साधे शब्द.

प्रेशर अल्सरच्या बाबतीत साधे शब्द का लागतात याचं ठोस कारण आहे. या विषयावरच्या अमेरिकी राष्ट्रीय सल्लागार मंडळाने 2016 मध्ये 'प्रेशर अल्सर'ऐवजी 'प्रेशर इंज्युरी' म्हणायचं ठरवलं, आणि 2019 मध्ये स्वतःचं नावही तसंच बदललं. त्यानंतरच्या असंख्य पेपरमध्ये 'अल्सर' हा शब्दच नाही. ज्यांचं पाठ्यपुस्तक जुनं आहे ते अजून बेडसोअर आणि डेक्युबिटसवरच शोधतात, आणि नेमके ताजे अभ्यास हुकवतात.

आता ओळी अशा बांधा. ॲडव्हान्स्डमध्ये क्षेत्राच्या यादीतून 'मेश टर्म्स' किंवा 'टायटल/ॲबस्ट्रॅक्ट' निवडता येतं, टॅग पाठ करायची गरज नाही.

पहिली ओळ, आजार: मेशमध्ये प्रेशर अल्सर; ऑर शीर्षक-सारांशात "प्रेशर अल्सर*", "प्रेशर इंज्युर*", "प्रेशर सोअर*", बेडसोअर*, "बेड सोअर*", डेक्युबिटस. इंज्युरी आणि इंज्युरीज दोन्ही यावेत म्हणून तारांकन शेवटच्या वायच्या आधी.

दुसरी ओळ, माणसं: मेशमध्ये नर्सेस, ऑर नर्सिंग स्टाफ कॉमा हॉस्पिटल, शीर्षक-सारांशात नर्स*. इथे तारांकनाच्या आधी इंग्रजीतली चार अक्षरं येतात. पबमेडला किमान चार लागतातच, त्यामुळे हे जेमतेम बसतं. पण या चार अक्षरांनी नर्सरीही येते आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या नर्सिंग मदर्सही. पहिल्या ओळीशी ॲन्ड झाल्यावर हा कचरा बराचसा गळतो, म्हणून एवढ्यासाठी नॉट वापरू नका. नॉट लावलं की ज्या चांगल्या पेपरमध्ये नर्सरी शब्द ओझरता आलेला असेल तोही जातो.

तिसरी ओळ, शिकवणं: मेशमध्ये इनसर्व्हिस ट्रेनिंग, ऑर एज्युकेशन कॉमा नर्सिंग; शीर्षक-सारांशात एज्युकेट*, ट्रेन*, टीच*. पहिल्या शब्दात तारांकन इंग्रजी टी या अक्षरानंतर ठेवा, म्हणजे एज्युकेशन, एज्युकेशनल, एज्युकेटेड सगळं येतं.

प्रत्येक ओळ स्वतंत्र चालवा. हिस्ट्रीत त्यांना क्रमांक मिळतात. मग 1, 2, 3 या क्रमांकांच्या आधी हॅश चिन्ह लावून ते ॲन्डने जोडा. एकच लांबलचक सूत्र लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण निकाल अचानक कोसळले तर कोणती ओळ नडतेय ते आकड्यांवरून लगेच दिसतं. एखाद्या ओळीपुढे संशयास्पद लहान आकडा असेल तर त्या ओळीत स्पेलिंग चुकलंय किंवा टॅग चुकलाय. निकाल अजून फार आले तरच चौथी ओळ घाला. मेशमधलं 'हेल्थ नॉलेज कॉमा ॲटिट्यूड्स कॉमा प्रॅक्टिस' हे शीर्षक त्यासाठी आहे.

मेशच्या नोंदीत आणखी एक जागा बघण्यासारखी आहे: 'इयर इंट्रोड्यूस्ड'. शीर्षक ज्या वर्षी सुरू झालं त्याआधीचे पेपर बहुधा दुसऱ्या, जवळच्या शीर्षकाखाली सापडतात. ते कोणतं, हेही 'प्रीव्हियस इंडेक्सिंग'खाली दिलेलं असतं.

शोध बरोबर आहे हे कसं ठरवायचं

गाईडने दिलेले, किंवा कुठल्याशा रिव्ह्यूच्या संदर्भयादीतून मिळालेले चार-पाच नक्की उपयोगाचे पेपर घ्या. त्यांचे पबमेड क्रमांक मध्ये नुसती जागा सोडून पेटीत टाका, पबमेड ते सगळे एकत्र दाखवतं. ही हिस्ट्रीतली एक ओळ झाली. आता ही ओळ नॉट तुमचा अंतिम शोध, असं चालवा. उत्तर शून्य आलं तर पाचही पेपर तुमच्या जाळ्यात आहेत. एक-दोन उरले तर ते उघडून बघा, त्यांनी कोणता शब्द वापरलाय, कोणतं मेश लागलंय, आणि तो शब्द योग्य ओळीत घाला. शोधाची ही एवढी एकच तपासणी आहे जी आकड्यात उत्तर देते, आणि तीच कोणी करत नाही.

भारतातलं, महाराष्ट्रातलं शोधताना

'इंडिया' हा शब्द टॅगशिवाय टाकला की तो लेखकांच्या पत्त्यातही शोधला जातो. बंगळुरूच्या लेखकाने उंदरांवर केलेलं काम तुमच्या निकालात येतं ते यामुळे. म्हणून देशासाठी मेशमधलं इंडिया आणि शीर्षक-सारांशातलं इंडिया, एवढंच घ्या.

'महाराष्ट्र' या एकाच शब्दावर थांबू नका. बरेच लेखक सारांशात फक्त जिल्ह्याचं नाव देतात. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा नवजात बालकांच्या घरगुती सेवेवरचा 1999 चा लॅन्सेटमधला अभ्यास गडचिरोलीच्या नावाने चटकन हाती लागतो. शहरांची जुनी-नवी नावं दोन्ही घ्या: मुंबई ऑर बॉम्बे, पुणे ऑर पूना, छत्रपती संभाजीनगर ऑर औरंगाबाद.

आद्याक्षरं हा वेगळा सापळा. आशा कार्यकर्तीसाठी चार अक्षरी आद्याक्षर टाकलं की आशा नावाच्या लेखिका येतात आणि त्याच आद्याक्षराची वाचा-श्रवण तज्ज्ञांची अमेरिकी संघटनाही. पूर्ण नाव, अक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट, अवतरणात लिहा, त्याला "आशा वर्कर*" ऑरने जोडा आणि मेशमधलं कम्युनिटी हेल्थ वर्कर्स घ्या. आद्याक्षर ठेवायचंच असेल तर शीर्षक-सारांशापुरतं, आणि इंडियाच्या ओळीशी ॲन्ड करून.

देशी शब्दांची स्पेलिंगं तर विचारू नका. मिश्रीवर काम करायचं तर मिश्री, मिसरी, मशेरी अशी तिन्ही रूपं इंग्रजीत वापरली गेली आहेत, गुटख्याचं स्पेलिंग केनंतरच्या एच या अक्षरासह आणि त्याशिवाय असं दोन्ही चालतं. सगळी रूपं ऑरने जोडा, आणि मेशमधलं टोबॅको कॉमा स्मोकलेस सोबत असू द्या.

शिवाय भारतातली बरीच नर्सिंग नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीतच. त्यांच्यासाठी गूगल स्कॉलर, आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचं शोधगंगा. गूगल स्कॉलर एका शोधाचे पहिले 1,000 निकालच दाखवतं, तेव्हा तिथला लाखांतला आकडा सिनॉप्सिसमध्ये लिहून काही सिद्ध होत नाही.

लक्षण: पबमेडचं सूत्र सिनाहलमध्ये चालत नाही

चालणारच नाही. सिनाहल हा नर्सिंग आणि संलग्न आरोग्यशाखांचा डेटाबेस एब्स्कोच्या मंचावर आहे, आणि त्याची व्याकरणं वेगळी. पबमेडचे चौकटी कंसातले टॅग तिथे निरर्थक. तिथे टॅग शब्दाच्या आधी येतो: शीर्षकासाठी टीआय, सारांशासाठी एबी, विषयशीर्षकासाठी एमएच. शीर्षकाखालच्या उपशाखाही हव्या असतील तर शीर्षकाच्या शेवटी अधिक चिन्ह. जवळीक-शोध एन आणि आकड्याने: 'टर्निंग एन3 पेशंट*' म्हणजे दोहोंमध्ये तीन शब्दांपर्यंत अंतर, क्रम कोणताही. क्रम तोच हवा असेल तर एनच्या जागी डब्ल्यू.

सिनाहलची विषयशीर्षकं मेशच्या धर्तीवर आहेत, पण हुबेहूब तीच नाहीत. मेशचं शीर्षक एमएच लावून तसंच चिकटवलं आणि शून्य आलं, तर विषय नाही असं समजू नका, सिनाहल हेडिंग्जमध्ये जाऊन तिथलं शीर्षक शोधा.

ढीग येत असेल तर आधी पर्यायांमध्ये 'संपूर्ण मजकुरातही शोधा' आणि 'संबंधित शब्द लागू करा' या दोन खुणा बघा. पहिली चालू असली की संदर्भयादीत कुठेतरी प्रेशर अल्सर आलेला पेपरही निकालात येतो. आणि शून्य निकाल आल्यावर एब्स्को कधी कधी आपणहून 'स्मार्टटेक्स्ट' पद्धतीने शोधून भरपूर काहीतरी समोर ठेवतं. तशी सूचना दिसली तर ते निकाल तुमच्या सूत्राचे नाहीत.

सिनाहलमध्ये एक सोय मात्र पबमेडकडे नाही: लेखकांपैकी कोणीतरी नर्स असलेले पेपर वेगळे काढता येतात.

आणखी एक बारीक गोष्ट. सूत्र वर्डमध्ये लिहून चिकटवत असाल तर वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करून ठेवतं, आणि सगळेच डेटाबेस ती ओळखत नाहीत. नोटपॅडमध्ये लिहा.

फिल्टर लावायचे कधी

शेवटी, आणि शक्य तितके कमी. पबमेडमधले वय, लिंग आणि 'ह्यूमन्स' हे फिल्टर मेशवर चालतात. ते लावले की मेश न लागलेले सगळे पेपर गायब. प्राण्यांवरचे अभ्यास वगळायचे असतील तर असं लिहा: अंतिम शोध नॉट (मेशमधलं ॲनिमल्स नॉट मेशमधलं ह्यूमन्स). यात फक्त निव्वळ प्राण्यांवरचे पेपर जातात, मेश न जोडलेले पेपर राहतात.

'फ्री फुल टेक्स्ट' तर शोधताना लावूच नये. पेपर फुकट आहे की नाही याचा त्याच्या गुणवत्तेशी संबंध नाही. आधी यादी करा, पूर्ण मजकूर मग मिळवा. सरकारी कॉलेजात असाल तर 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमध्ये 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आहेत. तुमच्या संस्थेची नोंदणी झाली आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात त्यात नाहीत. त्यांच्यासाठी युरोप पीएमसी हा मोफत संग्रह, लेखकाला दोन ओळींचं ईमेल, किंवा ग्रंथालयामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेव.

काल केलेला शोध आज सापडत नाही

8 तास हालचाल नसेल तर पबमेड हिस्ट्री पुसून टाकतं. माय एनसीबीआय या पबमेडच्याच खात्यांच्या सोयीत खातं उघडा. गूगल किंवा ऑर्किडच्या (संशोधकांच्या ओळखक्रमांकाच्या) खात्यानेही प्रवेश मिळतो. तिथे लॉगिन करून अंतिम शोध 'क्रिएट अलर्ट'ने साठवा, नवे पेपर आले की ईमेल येईल. प्रबंधाच्या परिशिष्टासाठी मात्र हिस्ट्रीचा तक्ता त्याच दिवशी डाउनलोड करा: प्रत्येक ओळ, तिचा आकडा, तारीख. मेशची शीर्षकं दरवर्षी बदलतात, तेव्हा सहा महिन्यांनी तोच शोध चालवून तोच आकडा येईल या भरवशावर राहू नका.